रेल्वे फाटकाच्या जागी पूल की भुयारी मार्ग? वाढत्या गावाने काय मागावं

प्रश्न थोडक्यात असा: पुणे-मिरज रेल्वेमार्गावर हवेली-पुरंदरच्या पट्ट्यातलं एक वाढतं गाव, दीडेक किलोमीटरच्या अंतरात दोन फाटकं. रूळ एकेरीचे दुहेरी झाले, गाड्या वाढल्या. रुळाच्या पलीकडे प्लॉटिंग, गोदामं आणि दोन शाळा आल्या. मोठ्या फाटकाच्या जागी रेल्वेने कमी उंचीचा भुयारी मार्ग सुचवला आहे आणि धाकटं फाटक कायमचं बंद करायचं म्हणते. ग्रामसभेने ठराव केला आहे की दोन्ही ठिकाणी उड्डाणपूलच हवा. हे ठरवतं कोण, कशाच्या आधारावर, गावाने नेमकं काय मागावं, आणि याला किती वर्षं लागतील?

माझी नोकरी सार्वजनिक बांधकाम विभागात पुलांच्या कामावर गेली आणि त्यातली बरीच वर्षं रेल्वेबरोबरच्या संयुक्त कामांत. तेव्हा आधी उत्तर सांगतो. दोन्हीकडे पूल मिळणार नाही, आणि तो ठराव घेऊन मंत्रालयात गेलात तर दोन्हीकडे काहीच न मिळण्याची शक्यता जास्त. मोठ्या फाटकावर पूल, धाकट्याच्या जागी नीट पाणी निघेल असा भुयारी मार्ग आणि दोघांना जोडणारा रुळाच्या कडेचा समांतर रस्ता, असं एकत्र मागा. आणि पूल मंजूर होण्याची वाट न बघता त्याच्या पोहोचमार्गाची, म्हणजे पुलावर चढणाऱ्या रस्त्याची, जागा आजच विकास आराखड्यात राखून घ्या. बाकीचं सगळं उशिरा मिळालं तरी चालतं, जागा मात्र एकदा गेली की परत मिळत नाही.

आता कारणं.

रेल्वेच्या दृष्टीने फाटकाचं वजन एका आकड्यावर ठरतं, त्याला टीव्हीयू म्हणतात. चोवीस तासांत जाणाऱ्या गाड्यांची संख्या गुणिले त्याच काळात फाटक ओलांडणाऱ्या वाहनांची संख्या. मोटार, ट्रक, बैलगाडी, टांगा हे प्रत्येकी एक एकक, रिक्षा अर्धं. हा गुणाकार एक लाखाच्या वर गेला की ते फाटक रेल्वे आणि राज्य यांच्या खर्चवाटपाने पूल बांधायला पात्र ठरतं. समजा, एकेरी मार्गावर दिवसाला ४० गाड्या होत्या आणि वाहनांची २,००० एककं. टीव्हीयू ८०,००० आला, म्हणजे अपात्र. दुहेरीकरणानंतर गाड्या ७० झाल्या आणि रस्त्यावर एकही वाहन वाढलं नाही, तरी आकडा १,४०,००० वर गेला. म्हणून पहिलं काम हे, की तुमच्या दोन्ही फाटकांची शेवटची गणना कधी झाली ते माहितीच्या अधिकारात विचारा. ही गणना साधारण तीन वर्षांतून एकदा होते. ती दुहेरीकरणाच्या आधीची असेल तर फेरगणना मागायला तुमची बाजू भक्कम आहे, त्याला ठराव-मोर्चा लागत नाही.

फेरगणनेच्या तारखा मात्र तुम्ही सुचवा. पावसाळ्यात मोजलं तर तुमच्या भागात निम्मी वाहतूक दिसतच नाही. ऊस तोडणीचा हंगाम चालू असताना, शाळा सुरू असताना मोजायला सांगा. सोमवती अमावस्येला जेजुरीची गर्दी तुमच्या रस्त्याने जात असेल तर ती सरासरीत धरली जाणार नाही, पण वेगळी नोंद करून जोडा. अंदाजपत्रकाबरोबर जाणाऱ्या टिपणीत अशा नोंदीचा उपयोग होतो.

या गणनेत एक मूळचीच खोट आहे, आणि ती अहवालात कोणी लिहीत नाही. फाटकावर मोजतात तेव्हा फाटकाला कंटाळून आधीच दुसऱ्या वाटेने जाऊ लागलेला माणूस मोजला जात नाही. शाळेची बस तीन-चार किलोमीटरचा वळसा घालत असेल, गोदामांचे ट्रक महामार्गावरूनच फिरून येत असतील, तर फाटक जितकं जास्त त्रासाचं तितकी त्याची गणना कमी भरते. यावर उपाय सोपा आहे. फाटकाच्या दोन्ही बाजूंनी जिथे वळशाचा रस्ता फुटतो त्या नाक्यांवर त्याच दिवशी मोजणी लावा. गावातली कॉलेजची मुलं वही घेऊन बसली तरी काम होतं. नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे दोन्ही नाक्यांवर लिहून घेतले की किती वाहनं वळसा घालून पलीकडे जातात ते संध्याकाळपर्यंत हातात येतं. असा तक्ता जोडलेला प्रस्ताव आणि नुसता 'नागरिकांची गैरसोय होत आहे' असं लिहिलेला प्रस्ताव, टेबलावर दोघांना मिळणारी वागणूक वेगळी असते.

रांगेचा हिशेबही करून द्या. गर्दीच्या वेळी एका दिशेने तासाला ४०० वाहनं येत असतील आणि फाटक आठ मिनिटं बंद राहिलं तर ५०-५५ वाहनं थांबतात. त्यात ट्रक-ट्रॉल्या असल्या तर रांग सहज ३०० मीटरच्या पुढे जाते. आता फाटकापासून महामार्गाचा किंवा राज्यमार्गाचा तिठा किती लांब आहे ते टेपने मोजा. २५० मीटर असेल तर फाटक बंद झालं की तिठाही बंद होतो. मग हा प्रश्न एका गावाचा राहत नाही, त्या मोठ्या रस्त्याच्या मालकाचाही होतो, आणि तो मालक तुमच्या बाजूने पत्र देतो.

रेल्वेला फाटक का नको, हेही समजून घ्या, म्हणजे तिच्याशी बोलणं सोपं जातं. इंटरलॉक केलेल्या फाटकावर गेट पूर्ण लागल्याशिवाय सिग्नल पडत नाही. रस्त्यावर रेटारेटी असली, एखादी ट्रॉली रुळावर अडकली, दुचाकीवाले दांड्याखालून घुसत राहिले की गेटमनला गेट लावता येत नाही आणि गाडी सिग्नलला उभी राहते. ठाणे-कल्याण पट्ट्यात दिव्याच्या फाटकाने लोकल गाड्यांचं वेळापत्रक वर्षानुवर्षं कसं विस्कटलं ते तिकडच्या कोणाही प्रवाशाला विचारा. कळव्याजवळच्या खारेगावचं फाटक २०२२ च्या जानेवारीत पूल सुरू झाल्यावर बंद झालं आणि पुढच्याच महिन्यात ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली. ब्रॉडगेजवरची बिनमाणसाची फाटकं तर रेल्वेने जानेवारी २०१९ अखेर संपवली. पुढची पायरी माणसाची फाटकं. म्हणजे तुम्हाला फाटक जायला हवं आहे आणि रेल्वेलाही. भांडण फक्त त्या जागी काय येणार यावर आहे.

आता पूल की बोगदा. (लोक भुयारी मार्गाला बोगदाच म्हणतात, मीही इथे तेच म्हणेन.) ग्रामसभेत हा वाद इज्जतीचा होतो, पूल म्हणजे विकास आणि बोगदा म्हणजे बोळवण. प्रत्यक्षात तो उंचीचा आणि उताराचा हिशेब आहे, कागदावर पाच ओळींत मांडता येतो.

विजेच्या तारा असलेल्या रुळावरून पूल न्यायचा तर रुळाच्या माथ्यापासून साडेसहा मीटरच्या वर मोकळी जागा सोडावी लागते. त्यावर गर्डर आणि स्लॅब मिळून दीड-दोन मीटर. म्हणजे पुलावरचा रस्ता रुळाच्या साडेआठ मीटर वर. रूळ भोवतालच्या जमिनीपेक्षा एक मीटर उंच असतील तर जमिनीपासून साडेनऊ. १:३० चा चढ धरला तर उतारालाच २८५ मीटर लागतात, वर आणि पायथ्याशी वळणाचा गोलवा धरून ३२० ते ३५० मीटर. हे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला तितकंच. तुमच्याकडे बैलगाड्या आणि भरलेल्या ट्रॉल्या असतील तर १:४० मागावा लागेल आणि लांबी आणखी शंभरेक मीटरने वाढेल.

बोगद्याचा हिशेब उलटा. आत चार मीटर उंची हवी, वर बॉक्सचा, म्हणजे बोगद्याच्या काँक्रीटच्या चौकटीचा, स्लॅब, खडी, स्लीपर, रूळ मिळून एक-सव्वा मीटर. रस्ता रुळाच्या पाचेक मीटर खाली गेला. रूळ मुळात एक मीटर उंच असतील तर जमिनीपासून चार मीटर खाली, १:२५ च्या उताराने शंभर मीटर आणि वर थोडं. रूळ तीन मीटरच्या भरावावर असतील तर उताराची लांबी निम्म्याच्या आसपास येते आणि तिथे पूल मागणं हा पैशांचा अपव्यय आहे. उलट रूळ कटिंगमधून, म्हणजे जमिनीच्या खालून जात असतील तर पूल स्वस्त आणि बोगदा म्हणजे विहीर. तुमची दोन फाटकं यातली कुठली ते तुम्ही लिहिलेलं नाही. जाऊन बघा. दीड किलोमीटरमध्ये जमीन बदलते. एक फाटक भरावावर आणि दुसरं सपाटीवर असणं अगदी शक्य आहे, आणि तसं असेल तर कुठे काय हवं याचं निम्मं उत्तर जमिनीनेच दिलेलं असतं.

कमी उंचीच्या बोगद्याला तुमच्या गावातल्या शेतकऱ्यांचा जो विरोध आहे, त्यात तथ्य आहे, पण तो त्यांनी आकड्यात मांडायला हवा. विद्युतीकरण झालेल्या मार्गावर फाटकाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कमान असते, तिला हाइट गेज म्हणतात. तिची उंची ४.६७ मीटर. म्हणजे आज कायद्याने तुमच्या फाटकातून ४.६७ मीटर उंचीचा माल जाऊ शकतो. त्या जागी साडेतीन मीटरचा बोगदा दिला तर एक मीटरहून जास्त उंची काढून घेतली. वाढत्या गोदामांचे कंटेनर ट्रेलर गेले, उसाची चढती भरलेली ट्रॉली गेली, हार्वेस्टर गेला, कडब्याचा ट्रक गेला. एका संयुक्त पाहणीत रेल्वेचे अभियंते उंची पुरेशी असल्याचं सांगत होते. तेवढ्यात एक शेतकरी भरलेली ट्रॉली घेऊन फाटकावर आला. कोणीतरी सर्व्हेची स्टाफपट्टी ट्रॉलीला लावली आणि आकडा मोठ्याने वाचला. पुढे चर्चा झालीच नाही. नकाशावरची उंची त्याच ठिकाणी पेन्सिलने खोडून बदलली गेली. तुमच्या पाहणीच्या दिवशी दोन ट्रॉल्या, एक हार्वेस्टर आणि अग्निशमनाचा बंब उभा राहील अशी व्यवस्था करा. भाषणांची गरज पडणार नाही.

आता पाणी. महाराष्ट्रात बोगद्यांची बदनामी झाली ती याच्यामुळे, आणि ती रास्त आहे. पावसाळ्यात चार महिने गुडघाभर पाणी, आत एसटी बंद पडलेली, मुलं रुळावरून दप्तर घेऊन जाताहेत, हे दृश्य सगळ्यांनी बघितलं आहे. पण बोगद्यात पाणी साचतं ते तो बोगदा आहे म्हणून नव्हे. त्यातलं पाणी जाणार कुठे हे ठरवायच्या आधी तो बांधला, म्हणून. नकाशावर तीन आकडे शोधा: बोगद्यातल्या रस्त्याची सर्वांत खालची पातळी, जवळच्या नाल्याच्या तळाची पातळी आणि त्या नाल्याला पूर येतो तेव्हाची पातळी. रस्ता नाल्याच्या तळापेक्षा वर असेल तर पाणी आपसूक निघतं. नाल्याच्या तळाखाली असेल तर पंप लागणारच. रस्ता तळाच्या वर पण पूररेषेच्या खाली असेल, तर ज्या दिवशी गरज आहे नेमक्या त्याच दिवशी नाल्याचं पाणी उलटं बोगद्यात येईल. ही तिसरी अवस्था सगळ्यांत फसवी, कारण उन्हाळ्यातल्या पाहणीत सगळं उत्तम दिसतं.

पंप लागणार असेल तर त्याचं वीजबिल कोण भरणार हे करारात लिहून घ्या. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण पाणी तुंबण्यामागे पंप नसणं हे कारण क्वचित असतं. पंप असतो, वीज तोडलेली असते किंवा डिझेलला पैसे नसतात. बॉक्सची रचना रेल्वेची, पण रस्ता, गटार आणि पंपाची जबाबदारी बहुधा रस्त्याच्या मालकावर टाकलेली असते, आणि तो मालक जिल्हा परिषद असेल तर शेवटी ते ओझं ग्रामपंचायतीच्या गळ्यात येतं. उताराच्या तोंडाशी रस्त्याला हलका उंचवटा, म्हणजे गावातलं पाणी आत उतरणार नाही. दोन्ही उतारांवर पत्र्याचं छत, म्हणजे थेट पाऊस पडणार नाही. तोंडाशी रस्त्याच्या पूर्ण रुंदीची आडवी जाळी. एवढं अंदाजपत्रकातच घाला, नंतर निधी मिळत नाही. तुमच्याकडे काळी माती आहे, भिंतींच्या सांध्यातून पाझर येणारच. सांध्यांच्या वॉटरप्रूफिंगवर आग्रह धरा.

बोगद्याचा एक मोठा गुण मात्र मान्य करायला हवा: तो लवकर होतो. तयार बॉक्सचे तुकडे आणून, काही तासांचा ब्लॉक घेऊन, रूळ काढून, खोदून, बॉक्स बसवून पुन्हा गाडी सोडतात. पहिली गाडी मुंगीच्या पावलाने जाते, पण जाते. पुलाला वर्षं लागतात.

ती वर्षं कुठे जातात, ते आता सांगतो.

महाराष्ट्रात ठिकठिकाणी एक चमत्कारिक गोष्ट दिसते. रुळांच्या वर पुलाचा मधला भाग तयार उभा आणि त्याला दोन्ही बाजूंनी रस्ताच नाही. लोक म्हणतात, रेल्वेने काम अर्धं सोडलं. तसं नसतं. रेल्वे आपल्या हद्दीतला भाग बांधते, पोहोचमार्ग राज्याने बांधायचे असतात, आणि पोहोचमार्गाला जागा नसते. वर काढलेला हिशेब पुन्हा बघा. एका बाजूला ३५० मीटर, दोन्ही मिळून ७००. मधे दोन लेनचा पूल आणि दोन्ही बाजूंना खालच्या घरांसाठी सेवारस्ता, मिळून रुंदी ३० मीटरच्या आसपास. हे २१,००० चौरस मीटर झाले, सव्वापाच एकर. आज तुमच्याकडे रस्ता असेल फार तर नऊ-दहा मीटर रुंद. उरलेली जागा रस्त्याच्या दर्शनी बाजूची, गावातली सगळ्यांत महागडी. त्यावर आज कदाचित पत्र्याचे गाळे असतील. पाच वर्षांनी तीन मजली इमारती आणि तळाला बँक असेल. तेव्हाची मोबदल्याची रक्कम पुलाच्या खर्चापेक्षा जास्त भरते, आणि असं झालेलं मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलं आहे.

आणि खरं सांगायचं तर पूल हवा म्हणून ठराव करणाऱ्यांत ज्यांचे गाळे जाणार तेच पुढे असतात. त्यांना पूल म्हणजे फाटकाजवळचा पन्नास मीटरचा उंचवटा वाटतो. म्हणून ग्रामसभेत नकाशा लावण्याऐवजी प्रत्यक्ष रस्त्यावर चुन्याने रेघ मारा: इथून चढ सुरू, इथे पूल तुमच्या पहिल्या मजल्याच्या उंचीवर, इथे दुसऱ्या मजल्याच्या. अर्ध्या दिवसाचं काम आहे. त्यानंतर जो ठराव होईल तो टिकाऊ असेल, मग तो पुलाचा असो वा बोगद्याचा.

जागा राखण्याचा मार्ग महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधून जातो. तुमचा पट्टा महानगर प्राधिकरणाच्या किंवा प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात असेल, तर आराखडा मंजूर व्हायचा असल्यास हरकती-सूचनांच्या मुदतीत पोहोचमार्गाची पूर्ण रुंदी आणि लांबी आरक्षित करायची सूचना द्या. विकास आराखडा आधीच मंजूर असेल तर कलम ३७ खालच्या फेरबदलाचा प्रस्ताव. आरक्षण पडलं की त्या पट्ट्यात नवं बांधकाम मंजूर होत नाही, आणि मालकाला टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा वाढीव चटईक्षेत्र घेऊन जागा सोडण्याचा पर्याय राहतो. पण हे आरक्षण अमर नसतं. दहा वर्षांत संपादन झालं नाही तर मालक कलम १२७ ची नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत प्राधिकरणाने पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं. म्हणून राखून ठेवायचं आणि विसरायचं, असं चालत नाही. रेल्वे हद्दीपासून ३० मीटरच्या पट्ट्यात बांधकामाला रेल्वेचा ना-हरकत दाखला लागतो, तो न घेता उठलेल्या इमारती फाटकाजवळ आहेत का तेही बघून ठेवा. सुरुवात मात्र मोजणीपासून. भूमी अभिलेखकडे रस्त्याची हद्द कायम करून घ्या. कित्येकदा कागदावर रस्ता पंधरा मीटर निघतो आणि जागेवर नऊ उरलेला असतो. ती सहा मीटर विकत घ्यावीच लागत नाही.

उंचीच्या बाबतीत एक इशारा. रेल्वेचे निकष बदलतात, आणि जुन्या रस्त्याच्या पातळीवर विसंबून जोडरस्ते आखले की घोटाळा होतो. अंधेरीचा गोखले पूल पाडून नव्याने बांधला तेव्हा रेल्वेच्या नव्या उंचीमुळे तो वर गेला आणि २०२४ च्या फेब्रुवारीत एक बाजू खुली झाली तेव्हा शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल त्याच्यापेक्षा दीड-दोन मीटर खाली राहिलेला साऱ्या मुंबईने पाहिला. मग तो जॅक लावून उचलावा लागला. मुंबई महापालिकेला हे परवडलं. तुमच्या जिल्हा परिषदेला परवडणार नाही. पुलाच्या नकाशात पुढच्या तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेची जागा धरली आहे का, हेही याच टप्प्यावर विचारा.

आता रस्ता कोणाचा, हा कंटाळवाणा पण निर्णायक प्रश्न. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग बांधकाम विभागाकडे. फाटकावरचा रस्ता ग्रामीण मार्ग असेल तर राज्याच्या वाट्याचे पैसे आणणार कोण, यावरच फाइल फिरत राहते. मोठ्या फाटकाचा रस्ता प्रमुख जिल्हा मार्ग म्हणून दर्जोन्नत करून घेणं ही पुलाच्या मागणीची पूर्वतयारी समजा. दोन राज्यमार्गांना जोडतो, बाजारगावाला जातो, असं दाखवता आलं की ते होतं. त्यानंतर पैशांच्या वाटा खुल्या होतात: राज्याचा अर्थसंकल्प, नाबार्डचं कर्ज, केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधीतली सेतुबंधन योजना, किंवा रेल्वे मंत्रालय आणि राज्य यांच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीतल्या महारेलकडून काम. महारेलचा फायदा हा, की रुळावरचा भाग आणि पोहोचमार्ग एकाच यंत्रणेकडे जातात, त्यामुळे मघाचं अधांतरी पुलाचं दृश्य टळायला मदत होते. जिल्हा नियोजन समितीचा निधी पुलाला पुरत नाही. समांतर रस्त्याला पुरतो, तो तिथून घ्या.

समांतर रस्त्यावर मी इतका भर का देतोय? धाकटं फाटक बंद करायचं तर रेल्वेला जिल्हाधिकाऱ्यांची संमती लागते, आणि जिल्हाधिकारी ग्रामपंचायतीचं म्हणणं ऐकतात. तुमच्या हातातला हुकमाचा पत्ता तोच. तो 'बंद होऊ देणार नाही' म्हणण्यात घालवू नका, अटी लिहून घेण्यात वापरा. रुळाच्या कडेने दोन वाहनं समोरासमोर जातील एवढ्या रुंदीचा डांबरी रस्ता आधी, बंदी नंतर. पायी जाणाऱ्यांसाठी, दुचाकीसाठी आणि गुरांसाठी त्याच जागी लहान बोगदा. हे नसेल तर काय होतं ते प्रत्येक बंद फाटकावर दिसतं: भिंतीला भगदाड पडतं, म्हातारी माणसं आणि शाळेची मुलं रूळ ओलांडू लागतात, आणि दुहेरी मार्गावर एक गाडी गेलेली बघून पाऊल टाकणाऱ्याला दुसऱ्या रुळावरची दिसत नाही. हीच अट मोठ्या फाटकालाही लावा. पूल मंजूर करताना ते फाटक बंद करण्याची हमी राज्याकडून लेखी घेतली जाते, आणि साडेनऊ मीटरचा पूल चढून कोणी आजोबा पलीकडच्या देवळात जाणार नाहीत.

पूल होईपर्यंतच्या काळासाठी काही किरकोळ कामं आहेत, ती कुणाच्या मंजुरीची फारशी वाट न बघता होतात. फाटकाच्या दोन्ही बाजूंना तीस-चाळीस मीटर दुभाजक, म्हणजे उलट बाजूने पुढे घुसून समोरासमोर कोंडी होणार नाही. गेट उघडल्यावर जो पंधरा-पंधरा मिनिटांचा गुंता होतो तो गाडीमुळे नसतो, या घुसखोरीमुळे असतो. रुळांमधला रस्ता समतल ठेवायला रेल्वेला, आणि त्याच्या बाहेरचे खड्डे भरायला रस्त्याच्या मालकाला एकाच दिवशी बोलवा, नाहीतर मधे पायरी राहते आणि ट्रॉलीचा ॲक्सल तिथेच मोडतो. फाटकालगतचा भाजीबाजार पन्नास मीटर मागे. आणि तरुण मंडळींना सांगा, गेट उघडायला लावणं किंवा मोडणं हा रेल्वे अधिनियमाच्या कलम १६० खाली गुन्हा आहे, उघडल्यास तीन आणि मोडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आंदोलनात पहिला दगड गेटवर पडतो आणि मग सगळा प्रश्न पोलीस स्टेशनात जाऊन बसतो.

किती वर्षं लागतील, असंही विचारलंय. बोगद्याला मंजुरीनंतर साधारण एक-दोन हंगाम. पुलाला जागा हातात असेल तर तीन-चार वर्षं, नसेल तर सांगता येत नाही. यात संयुक्त नकाशा, म्हणजे जीएडी, हा टप्पा सगळ्यांत लांबतो. तो विभागीय रेल्वे व्यवस्थापकांच्या कार्यालयात वेगवेगळ्या शाखांतून फिरतो आणि रस्त्याच्या बाजूने एक छोटी दुरुस्ती आली की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी चालत्या मार्गावर काम करायला रेल्वे सुरक्षा आयुक्तांची परवानगी. हे आयुक्त, गंमत म्हणजे, रेल्वेच्या नाही तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे रेल्वेतली ओळख तिथे चालत नाही. तुम्ही एवढंच करा: जीएडीवर सही होण्याआधी बांधकाम विभागाच्या उपअभियंत्याकडून त्याची प्रत मागून घ्या आणि चार गोष्टी तपासा. बोगद्याची आतली उंची, रस्त्याची सर्वांत खालची पातळी आणि नाल्याची पूरपातळी, पुलाचा चढ नेमका कुठल्या गट नंबरात संपतो, आणि पादचारी मार्ग दाखवला आहे की नुसता टिपणीत लिहिला आहे. टिपणीतला बांधला जात नाही. त्या चार आकड्यांसह पुन्हा विचारलंत तर याहून नेमकं सांगता येईल.